समोरचं घर

धाकट्या,

त्या सकाळी मी तुझ्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. शेजारीण म्हणाली, “बरं झालं ताई, तुम्ही समोरचं घर घेताय. तुमचे भाऊ कायमचे परदेशी निघाले, की त्यांच्या सासूबाईंकडे बघायला कुणीतरी हवंच की!”

चिमटा माझ्या हातातच राहिला. मला तर तू म्हणाला होतास, “ताई, शहर अनोळखी असू दे, मी आहे ना समोर!” हे गेल्यापासून इतक्या मायेनं कुणी बोललं नव्हतं, म्हणून मी राहतं घर विकायला निघाले होते. सरळ विचारलं असतंस, तर आलेही असते रे.

दुसऱ्या दिवशी मी दलालाला नकार कळवला, तुझ्या सासूबाईंची वेणी घातली आणि परतीची गाडी धरली.

तुझी,
ताई