मिस्टर उत्तरा

८ मार्च, शनिवार. डीमन

तिकीट काढलं, पिवळ्या तापाची लस घेतली, आणि मगच आज संहिताला सांगितलं. युट्रेख्टहून जेवायला आली होती. हातातला घास तसाच राहिला. "अक्रा? अलोन? बाबा, यू डोन्ट ईव्हन गो टू अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅट नाइट."

खरं आहे. पण उत्तरा वारली त्याला अकरा महिने झाले, आणि तिचं ते शहर मला अजून फक्त ऐकून माहीत आहे. पाण्याच्या प्रकल्पासाठी ती चारदा तिकडे गेली. रोज संध्याकाळी चालायला निघायची आणि मला फोन लावायची. मी स्पीकर लावून भांडी घासायचो. हॉर्न, ढोल, चर्चमधली गाणी, कोणाचं तरी हसणं – आणि मधूनच ती. "तू ये ना रे एकदा." मी म्हणायचो, पुढच्या वेळी.

जाताना संहिताने दारात विचारलं, तिथे कोणाला भेटणार का. नाही म्हटलं.

१० मार्च, सोमवार. अक्रा

पोचलो. साडेसहाला अंधार पडला, आणि तेव्हा हे शहर उघडलं. डीमनमध्ये या वेळी भांडीसुद्धा मशीनमध्ये जातात. (आमच्याकडे मशीन आहे. मी हाताने घासतो.)

११ मार्च

ओसू नावाच्या भागात पायी फिरलो. उत्तराने सांगितलेल्या तिच्या नेहमीच्या टपरीच्या खुणा डोक्यात होत्या – मोबाइलच्या दुकानापासून डावीकडे, मग धूर दिसेल तिकडे. धूर सगळीकडेच! तीन चुकीच्या टपऱ्यांवर खाल्लं. चौथी बरोबर निघाली. निळी टपरी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पिकल्या केळ्याचे तुकडे आलं-मिरची लावून तळलेले.

तळणाऱ्या बाईंनी झारा वर धरून माझ्याकडे पाहिलं. "मिस्टर उत्तरा! भांडी झाली का?"

ही मान्सा. उत्तरा चालून आली की फोन चालू ठेवूनच इथल्या खुर्चीत बसायची. माझा फोटो यांनी पाहिला होता, आणि नळाचा आवाज ऐकला होता. मला त्या गल्लीत सगळे ओळखतात!

मला बसवलं. आधी पाणी. पिऊन होईपर्यंत कोणी बोललं नाही. मग मान्साने रीतसर विचारलं, "काय कामाने आलात?" इथे पाहुण्याला असं विचारायचंच असतं. आपल्याकडे उद्धटपणा झाला असता.

सांगायचं वाक्य मी विमानात मनाशी इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. तोंडातून आलं, "शहर बघायला."

"आणि ती?"

"कामात आहे."

"ती कधी कामात नसते?" असं म्हणून मान्सा उत्तराच्या गोष्टी सांगायला लागली. दोन तास. भाव करते पण शेवटी तेवढेच पैसे देते. तिखट लागलं की गाते. अकरा महिने सगळे माझ्यापाशी तिच्याबद्दल 'होती, करायची' असंच बोलतात. इथे ती गाते.

१२ मार्च

उद्या सांगतो.

१३ मार्च

आज जेम्सटाउन. दीपगृहापासून खाली कोळ्यांच्या वस्तीपर्यंत चाललो. एका अंगणात बॉक्सिंगची तालीम, भिंत नाही, रस्त्यावरचे लोक उभ्याउभ्या सूचना देतात. पुढे बार आणि चर्च शेजारीशेजारी, दोघांचेही लाउडस्पीकर. मधून चालताना पावलं कुठल्या तालावर टाकावीत कळेना.

भिंतीभिंतीवर मृतांची पोस्टरं. आपल्याकडच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससारखी, पण यांवर मागे राहिलेल्या प्रत्येकाचं नाव – विधवा, विधुर, मुलं, भाचे, सगळे. मी थांबून थांबून वाचली. एक बाई उत्तराच्याच वयाची, खाली विधुराचं नाव.

रात्री टपरीवरून निघताना मान्साने पुडी दिली. "हे मसाले तिला." घेतली.

१५ मार्च, शनिवार

मान्सा मला एका अंत्यविधीला घेऊन गेली. रस्त्यातच मांडव, लोक काळ्या-लाल कपड्यांत, बँड. निवृत्त हेडमास्तर गेले होते. रांगेत बसलेल्या नातेवाइकांशी उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवायचा. मी डावीकडून निघालो, मान्साने कॉलरला धरून वळवलं. मग नाच. रडता रडता नाचत होते लोक.

"तीही नाचली होती अशीच एकदा," मान्सा म्हणाली. "जमत नाही तिला. पण ऐकते का?"

उत्तराच्या वेळी आम्हाला तिकडच्या दाहगृहात पाऊण तास मिळाला होता. मग कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. चौदा माणसं. मी कोणाशी बोललो नाही, संहिताशीही नाही.

१६ मार्च, रविवार

उद्या परत. मान्साला काहीतरी द्यावं म्हणून सुपरमार्केटमध्ये गेलो. फळीवर हिरवी चौकोनी बाटली – जिन, स्खीडाममध्ये बनवलेली! डच, म्हणजे आमच्या तिकडची म्हणून घेतली.

मान्साने बाटली पाहिली आणि हात पुढे केला नाही. चूल बारीक केली. मागच्या घरातून तिच्या मामांना, क्वेसींना, बोलावलं. ते शर्टाची बटणं लावत आले. मला बसवलं, पाणी दिलं.

"ही बाटली घेऊन माणूस येतो ते मोठी खबर घेऊन," क्वेसी म्हणाले. "कोण गेलं?"

मला हे माहीत नव्हतं. नुसती भेट आहे, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

"उत्तरा. गेल्या एप्रिलमध्ये."

मान्सा म्हणाली, "खोटं." मग म्हणाली, "सहा दिवस तू इथे बसून जेवलास. मी रोज तिला नमस्कार सांगितला, आणि तू मान हलवलीस." मग फोन माझ्या तोंडापुढे धरला. "आणि हे? गेल्या रविवारी तिने लिहिलंय. माझ्या गुडघ्याची चौकशी केली."

नंबर उत्तराचा. फोटो उत्तराचा. ९ मार्च, रात्री अकरा.

क्वेसींनी फोन बाजूला ठेवायला लावला. नावाचा उच्चार माझ्याकडून दोनदा करून घेतला. बाटली उघडून थोडी थोडी जमिनीवर ओतली, त्यांच्या गेलेल्या माणसांची नावं घेतली, शेवटी उत्तराचं. आपण पाणी सोडतो. मी तेही सोडलं नव्हतं.

मान्सा पाठ करून बसली होती. निघताना उठली, माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही.

१७ मार्च. विमानात

उत्तराचा फोन संहिताकडे आहे. फोटो काढून घेते म्हणाली होती.

२२ मार्च, शनिवार. युट्रेख्ट

न कळवता गेलो. फोन तिच्या उशाशी, चार्जिंगला. "शी केप्ट आस्किंग, बाबा. आय कुडन्ट टेल हर."

अकरा महिन्यांचे निरोप. तिथेच बसून सगळे वाचले. संहिताने उत्तराच्या नावाने जानेवारीत लिहिलेला एक, माझ्याबद्दल – अरुण घरी एक शब्द बोलत नाही. संहिताला आता त्या घरी जावंसं वाटत नाही.

परतीची गाडी जाऊ दिली. आज इथेच, तिच्या खोलीत, जमिनीवर.