पाय पडते तिथं पॉलिश नाही

आर्णी
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

भाई अरसलान,

सलाम. हुस्नाबी फुफीलेही माह्या सलाम सांग. मुकुटबनले थंडी सुरू झाली असेल. इकडं सगळे बरे आहेत. कय्युमचाचाची कंबर दुखते, तरी गॅरेज रोज नऊले उघडतात. तू माह्या नंबर ब्लॉक करून ठेवला, म्हणून कागद घेतला. मराठीत लिहून राह्यलो. वाचता येत नाही असं म्हणू नको, दहावीत मराठीत तुले माह्याहून अकरा मार्क जास्त होते आणि मास्तरनं ते भर वर्गात सांगितलंतं.

धंद्याचं सांगतो. धरणावरच्या चारही बदक-बोटी गेल्या आठवड्यात एकट्यानं धुतल्या. बदकांच्या माना घासताना कोणी नाव ठेवायले नव्हतं, म्हणून काम लवकर झालं अन् मजा काहीच आली नाही. मोठ्या फायबर बोटीच्या पोटाले पाण्याची पांढरी रेघ पुन्हा धरली. पाणी उतरलं का ती दिसतेच. मी घासली, पण तुह्या हातासारखी निघत नाही. धनसिंगभाऊ म्हणे, बोटी माह्या आहेत, काम कोणाले द्यायचं ते मी पाहीन, दुसरी पोरं पाहून राह्यलो. मी उलट बोललो नाही. हे वाचून तू हसशील. कॉलेजात सरांच्या टेबलावर पुस्तक आपटून बी.कॉम. अर्धं सोडून येणारा नयन उलट बोलला नाही.

विमलताईच्या मोडल्या हातात स्टीलची पट्टी टाकली, यवतमाळले ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणते मनगट पहिल्यासारखं वळणार नाही. उजवा हात आहे.

आता जे तुले कोणी सांगितलं नसेल ते. अर्पिताचे बापूजी शुक्रवारी ठाण्यात जाणार होते. बोट साफ करणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळं आपली बायको विमल पडली, असा अर्ज. अर्जात तुह्यं नाव. चौकात लोक काय काय बोलले ते लिहीत नाही, तुह्या अब्बानं ऐकलं तेवढं बस झालं. एक जण तर गाडी दुरुस्तीले टाकता टाकता त्यायले म्हणे, तुमच्या पोरानं मुद्दाम केलं का? चाचानं त्याचा प्लग साफ करून दिला.

सतरा दिवस झाले त्या रविवारले, अन् मी रोज मनात तेच पाहतो. पाहुणे चढत आहेत. पुसदचा तो पोरगा, त्याची माय, बापूजी, विमलताई, शेवटी अर्पिता. पोरगी पसंत झालती, नुसतं हसतखेळत एक चक्कर मारायची होती. विमलताईनं बाकांच्या मधल्या फळीवर पाय ठेवला अन् तो गेलाच. हातावर पडल्या. आवाज मी काठावरून ऐकला.

धनसिंगभाऊनं फळीवर हात फिरवला, बोटं हुंगली अन् इचारलं, "आतून कोणं पुसलं?"

आपलं काम वाटलेलं. बाहेरचं माह्यं, आतलं तुह्यं. सगळ्या धरणाले माहीत. तू माह्याकडं पाह्यलं. तुले तेव्हाच समजलं होतं, कारण शनिवारी तूच ती फळी साबणानं अन् काथ्यानं खरखरीत घासून ठेवलती. आर्णीत मोटारसायकली धुत होतो तेव्हापासून मले सगळं चमकवायची सवय, अन् तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: पाय पडते तिथं पॉलिश नाही. शंभरदा सांगितलं.

तू म्हणाला, "मीनं."

मी उभा राह्यलो. माह्या हाताले पॉलिशचा वास येत होता, तो हात मी खिशात घातला.

मले माहीत आहे तू काय समजला. अर्पिता येणार म्हणून या येड्यानं बोट आतूनबाहेरून चमकवली, भान राह्यलं नाही, चूक झाली. प्रेमात माणूस करते. म्हणून तू ती आपल्या अंगावर घेतली. तिच्यासमोर माह्या फजितवाडा नोको व्हायले. मीही सतरा दिवस स्वतःले हेच सांगून राह्यलो.

अरसलान, ती चूक नव्हती.

तू डिझेल आणायले गेला तेव्हा मी डबा उघडला. सगळ्या फळीले लावलं नाही. पुढच्या बाकासमोर हातभर जागा होती तेवढीच, जिथं पाहुण्यायचा मान म्हणून त्या पोराले बसवणार होते. तिथं दोन हात दिले, फडक्यानं घोटलं. मले वाटलं तो घसरेल, पाण्यात पडेल, त्याचा पांढरा सदरा भिजेल अन् ती हसेल. एवढंच. तिनं त्याले हसावं एवढंच पाहिजे होतं. पण तो चढला अन् मागं सरकून म्हणाला, मावशी, तुम्ही पुढं बसा, हवा लागते.

अन् ऐक. त्या पडल्या तर आधी तोच वाकला. आपल्या सदऱ्यानं त्यायचा हात बांधला, अन् गाडीपर्यंत धरून नेलं. सदरा भिजला नाही, रक्तानं भरला. मले त्याचा राग करायचा होता, तोही करता येत नाही.

काल विमलताईले पाहायले गेलो. सांगायलेच गेलतो. त्यायनं मले बसवलं, डाव्या हातानं चहा ओतला, बशीत सांडला. म्हणाल्या, "त्या पोराले सांग, माह्या राग नाही. चप्पलच माही गुळगुळीत होती. मी यायले समजावून राह्यली, अर्ज करू नका." अन् तुले एवढ्या दूर काहून पाठवलं, असं मलेच इचारलं. आपल्या दोघायच्या पोटात त्या घरची ज्वारीची भाकर किती गेली असेल, भाई. मी चहा पिऊन निघून आलो. चहा पिऊन.

मग आज सकाळी पुन्हा गेलो. तोंडानं नाही जमणार, माहीत होतं, म्हणून चार ओळी लिहून नेल्या. पॉलिश मी लावलं, कुठं लावलं, कायले लावलं, अरसलाननं शनिवारी फळी नीट घासलती. बापूजी ओसरीत तूर पाखडत होते. त्यायनं चष्मा लावून वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. मले वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यायनं आत हाक मारली, "अर्पिता, हे वाच."

ती उभ्यानंच वाचत होती. कॉलेजच्या बसमध्ये तिच्या मागच्या सीटवर बसून दीड वर्ष जे सांगता आलं नाही, ते तिले असं समजलं. तिनं कागदाची नीट घडी घातली. मले म्हणाली, "मायच्या जागी पुसदचे ते पडले असते, तर तू सांगितलं असतं का?"

ती आत गेली. विमलताई बाहेर आल्याच नाहीत.

तिथून निघून धनसिंगभाऊले सांगितलं. ते शिव्या देतील म्हणून तयारीनं गेलतो. ते एवढंच म्हणे, तुह्या हाती बोट देणार नाही, अरसलानले म्हण येऊन जा. मग हे गॅरेजात बसून लिहीत आहे. चाचा समोर इंजिन उघडून बसले आहेत, काय लिहितो ते इचारत नाहीत. पाकीट चिटकवणार नाही. त्यायले म्हणणार, आधी तुम्ही वाचा, मग पाठवा. तुले राग येईल, पण त्यायले तुह्याआधी समजलं पाहिजे. चौकात त्यायनंच ऐकून घेतलं.

माफी मागत नाही. माफी मागितली तर तू देशील, तुह्या तसाच स्वभाव. नको देऊ एवढ्यात. फक्त घरी ये. बदकांच्या माना तुह्या वाटेवर आहेत, अन् ती पांढरी रेघ.

शुक्रवारी अर्ज जाणारच आहे. बापूजीनं तुह्यं नाव काढून माह्यं टाकलं. मी संगं जाणार आहे, नावाखाली सही करायले. नुसतं "नयन" लिहिलं तर रागाच्या भरात एखाद्या दिवशी मीच म्हणीन का हे मी लिहिलं नाही. मले माह्याच भरवसा नाही. म्हणून तिथं लिहीन तसंच इथंही लिहितो,

नयन गुणवंत ठोंबरे
रा. आर्णी, जि. यवतमाळ