कुमुदची मच्छरदाणी

अहो,

मी धुणं घेऊन नदीवर जाते आहे. कुमुद झोपली आहे, आई जवळ आहेत. तिला सोडून मी आजवर उंबऱ्याबाहेर पडले नाही, म्हणून हे लिहिते.

तुम्ही धुळ्याहून मच्छरदाणी आणलीत तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, साहेबलोकांचं खूळ म्हणून. आई तर "हाई मासा धरानं जाळं शे का?" म्हणाल्या आणि कावळे येऊ नयेत म्हणून ती वाळत्या कुरडयांवर पसरून मोकळ्या झाल्या. काल मी ती मागून घेतली, चिकाचा आंबूस वास जाईपर्यंत धुतली आणि पाळण्यावर बांधली.

आज उजाडताना पाहिलं, तर बाहेरून जाळी डासांनी काळी झालेली. पाटाला पाणी सुटल्यापासून हे सगळे रोज तिच्या अंगावर बसत होते? आणि आत कुमुद, मूठ गालाशी धरून, अंगावर एक नवा ठिपका नाही. फुंकरीने हलेल असलं ते कापड! आई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बठ्ठा बाहेर ऱ्हायनात व माय!" खरंच, सगळेच्या सगळे बाहेर राहिले होते.

आपली थोरली शकू हिवतापाने गेली तेव्हा एवढीच होती. ते दोघींच्याही मनात आलं.

शेतावरून आलात की जाळी उचलू नका. कपाळाला हात लावून पाहावंसं वाटेल. मलाही वाटलं. पण बाहेर बसून नुसता तिचा श्वास पाहिला, आणि तेवढ्याने भागलं.

शालिनी