कृष्णाबाईंचे बेचाळीस धवले

६ जानेवारी १९९७
कामोठे गावच्या कृष्णाबाई आजपासून पनवेलला माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये येऊन धवले सांगणार. लग्नात गायची ही गाणी म्हातारीला तोंडपाठ, लिहिलेली कुठेच नाहीत. नातसून सुनीता वही घेऊन आली होती. मिटायला लावली. म्हटलं, वह्यांचे दिवस गेले. मी पुस्तक काढणार.

१४ जानेवारी
नऊ झाले. सौ. म्हणते, कॅसेटवरही घ्या. हिचं जग टेपरेकॉर्डरपाशी संपतं.

३ फेब्रुवारी
सकाळच्या बॅचला बॅकअपवर तासभर लेक्चर. सगळे मठ्ठ. एकाने विचारलं, सर, तुम्ही घेता का? बाहेर काढला. बॅकअप नवशिक्यांनी घ्यायचा असतो. तरी रविवारी घेतो.

९ फेब्रुवारी, रविवार
सगळ्या फ्लॉप्यांवर गेम्स. बुद्धिबळाचा पुसवेना. शिवाय अर्धवट पुस्तकाचा बॅकअप म्हणजे अर्ध्या स्वयंपाकाचा नैवेद्य.

२७ फेब्रुवारी
बेचाळीस! संपलं. उद्या बॅकअप. नक्की.

२८ फेब्रुवारी
आधी प्रुफं. चुकांचा बॅकअप कोण घेतो?

१५ मार्च
कृष्णाबाई गेल्या. झोपेतच. वाईट वाटलं, गोड बाई होती. सुनीताला सांगितलं, रडू नकोस, आजी माझ्या मशीनमध्ये अमर आहे. घरच्यांनी हात जोडले. जोडायलाच हवे होते.

२ एप्रिल, सकाळी १०
मशीन चालू होईना. आतून टकटक. व्होल्टेजचा नालायकपणा.

४ एप्रिल
शैलेश मेकॅनिक म्हणाला, हार्ड डिस्क गेली, काही निघणार नाही. बॅकअप असेलच ना सर, म्हणून हसला. दहावी नापास माणूस मला शिकवतो!

२० एप्रिल
सुनीता आली. मंगळवारी नणंदेची हळद. आजीचेच धवले म्हणायचेत, छापून द्या म्हणाली. मी डिस्क, कंपनी, व्होल्टेज, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, आजीला पाठ व्हतं म्हनून आमी लिवलं नाय, तुमच्याकं लिवलंय म्हनून पाठ केलं नाय.

वर म्हणाली, तुमी तर येक येक ओळ टाइप केली, मास्तर. हळदीचा येक तरी सांगा.

ती पेन उघडून बसली. मी बराच वेळ डोळे मिटून आठवत राहिलो. फॉन्टचा साइज तेवढा आठवला. चौदा.