दुसरी चिठ्ठी

प्रिय बाबा,

दादाचा काल फोन आला होता. तुमच्या दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली आणि नीट दिसायला लागल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय पाहिलंत, तर वहिनीच्या गाडीच्या दारावरचा ओरखडा! हे ऐकून मी फोनवरच हसत सुटले. बिचारी सहा महिने तो ओरखडा सगळ्यांपासून लपवत होती म्हणे. डॉक्टरांनी तुम्हाला वाचायची परवानगी दिलीय, असंही दादा म्हणाला, म्हणून हे पत्र. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाही. माझा आवाज जरा कापला की 'असू दे गं, चिमटे' म्हणून मोकळे होता. या वेळी असू देऊ नका. शेवटपर्यंत वाचा.

इथे सगळं ठीक आहे. शेडचं पत्र्याचं दार ओढताना अजून तस्संच किंचाळतं. मी तेल घातलं, तर दोन दिवस गप्प बसलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. तुमच्या खुर्चीवर मी बसत नाही. तिच्यावर फायली ठेवते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. गाड्या तपासून किमती लिहून द्यायचं काम बरं चाललंय. लोक आत आले की आधी 'वडील कुठे आहेत?' विचारतात, मग माझ्याकडे बघतात, आणि आता आलोच आहोत तर, अशा चेहऱ्यानं किल्ली हातावर ठेवतात. मी तुमच्यासारखीच हात मागे बांधून गाडीभोवती तीन फेऱ्या मारते. मग दारांच्या फटी, मग पत्र्यात भरलेली लांबी शोधायला फडक्यात गुंडाळलेलं चुंबक, मग पायाखालचा गालिचा उचलून ओलीचा वास. मालक बोलत असतो तेव्हा मी ऐकते, पण लिहून घेत नाही. मालकाच्या मनातली किंमत वेगळी, घेणाऱ्याच्या खिशातली वेगळी, आणि आपण लिहितो ती दोघांनाही आवडत नाही म्हणूनच बहुधा बरोबर असते, हे तुमचं वाक्य मी अजून कुणाला ऐकवलेलं नाही. गिऱ्हाईक पळून जाईल.

मागच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. तीच, बुटकी, लाल, दोन सीटची, बसायचं तर आधी डोकं आणि मग पाय आत घालावे लागणारी. डॉक्टर गेले हे तुम्हाला कळलंच होतं. त्यांच्या पत्नीचे, म्हणजे बाईंचे, गुडघे आता जिने चढू देत नाहीत. त्यांनी तळमजल्यावरचं एक घर पाहून ठेवलंय, दोन खोल्या आणि मागे पट्टीसारखी चिंचोळी बाग. गाडी विकली की ते घर घ्यायचं, असा सरळ हिशोब. गाडी घेणारेही ठरलेले आहेत, चौकातले घड्याळवाले. त्यांना फक्त आजची रास्त किंमत कागदावर हवी आहे. मी कव्हर काढत होते तेव्हा ते मला म्हणाले, तुमच्या वडिलांचा जुना दाखला आहे ना, इंजिन मूळचंच आहे असा? मग मी बॉनेट उघडायलाही सांगणार नाही, तुम्ही नुसता आजचा आकडा टाका. बाई तर त्याच्याही पुढे. मी गाडीखाली दिवा सरकवला तशी म्हणाल्या, अगं, ही गाडी तू दहा वर्षांची होतीस तेव्हा पाहिली आहेस, आणखी काय पाहायचं राहिलंय? चेंगट ती चेंगटच राहिलीस.

राहिलं होतं, बाबा.

तो दिवस तुम्हाला किती आठवतोय कोण जाणे. डॉक्टर गाडी घ्यायला निघाले होते आणि आधी तुम्हाला दाखवायला घेऊन आले होते. त्या गाडीचा इंजिन नंबर धुराच्या नळ्यांच्या मागे, अशा बेचक्यात आहे की तुमचा पंजा तिथे शिरेना. तुम्ही हाक मारलीत, चिमटी कुठंय? मी धावत आले. पातळ कागद आणि चपटी पेन्सिल घेऊन नंबराचा ठसा घ्यायला मी नुकतीच शिकले होते, आणि माझी बोटं जातात तिथे कुणाचीच जात नाहीत, याचा मला केवढा तोरा होता! हात आत घातला, कागद दाबला, पेन्सिल फिरवली. पण इंजिन थोड्या वेळापूर्वीच बंद केलेलं होतं. शेवटच्या आकड्याशी आले आणि मनगट नळीला टेकलं. हात झटकन बाहेर आला. ठसा पाहिला तर सगळे आकडे स्वच्छ, शेवटचा मात्र नुसता धुरकट.

तुम्ही तेव्हा डॉक्टरांशी बोलत होतात. गाडीचं पुस्तक बाकावर उघडं होतं आणि त्यातला नंबर आठावर संपत होता. हात पुन्हा आत घालायची मला भीती वाटली, आणि भाजलं म्हणून सांगायची लाज. मी त्या धुरकट जागी पेन्सिलीनं आठ गिरवला. तो आठ नसेलच असं मला वाटलं नव्हतं. मला काहीच वाटलं नव्हतं, फक्त हात आत घालायचा नव्हता. मग चिठ्ठीवर तोच नंबर लिहून तुम्हाला दिला. तुम्ही माझ्या डोक्यावर टप्पल मारलीत, डॉक्टरांनी मला गाडीतून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं, आणि मनगटावरचा डाग इस्त्रीचा आहे असं मी आईला सांगितलं. तो अजून आहे. घड्याळाचा पट्टा मी त्याच्यावरच बांधते.

आपल्याकडे प्रत्येक गाडीच्या फायलीत दोन चिठ्ठ्या असतात. एकानं ठशावरचा नंबर वाचायचा, दुसऱ्यानं त्याला न विचारता वाचायचा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवायच्या. मी जेवायला हाक मारली तरी तुम्ही चिठ्ठी पालथी ठेवून यायचात, माझी नजर पडू नये म्हणून. गाडी आली त्याच संध्याकाळी मी जुन्या कपाटातून तिची फाईल काढली. ठसा होता, माझी चिठ्ठी होती, वेडंवाकडं अक्षर, खाली एक फूल काढलेलं. तुमच्या चिठ्ठीच्या जागी कोरा कागद लावलेला होता आणि त्यावर तुमच्या अक्षरात एक ओळ होती. 'चिमटीने घेतला आहे. पुन्हा पाहायची गरज नाही.'

बाबा, मग मी बाकीच्याही फायली पाहिल्या. जेवढ्या कपाटात आहेत तेवढ्या सगळ्या. एक चिठ्ठी असलेली गाडी ती एवढीच.

मी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. माझाही हात आता तिथे शिरत नाही, म्हणून मेकॅनिकला बोलावून नळ्या उतरवून घेतल्या आणि नंबर पाहिला. एवढं सगळं वाचल्यावर तो जुळत नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. बाकीचे आकडे जुन्या ठशातलेच आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या आधीच कुणीतरी तिच्यात त्याच जातीचं, त्याच खेपेतलं दुसरं इंजिन बसवलं होतं. गाडी सुंदर आहे, चालते झकास, पण किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. डॉक्टरांनी पूर्ण किंमत दिली ती आपल्या दाखल्यावर, म्हणजे माझ्या पेन्सिलीवर. आता खरं लिहिलं तर बाईंची तळमजल्यावरची बाग जाईल. नाही लिहिलं तर घड्याळवाले बॉनेट न उघडता तेच नुकसान घरी घेऊन जातील, आणि वर माझे आभार मानतील. चार दिवस मी दोन्हीकडून विचार केला. खोटं नको सांगायला, एका दुपारी 'जुन्या दाखल्याच्या आधारे' असे शब्द लिहूनही पाहिले. वाक्य चांगलं जमलं होतं. फाडून टाकलं, कारण रास्त किंमत म्हणजे काय हे तुम्ही मला याच शेडमध्ये शिकवलंत. घेणारा आणि देणारा दोघांनाही सगळं माहीत असताना, कुणाचीही घाई नसताना ठरेल ती. दोघांनाही सगळं माहीत असताना.

त्यामुळे मी बाईंकडे जाणार आहे, अहवाल पाठवण्याआधी, आणि समोर बसून मनगटापासून सगळं सांगणार आहे. दाखल्यावर सही तुमची होती, पण नव्या अहवालात मी लिहितेय की ठसा माझा होता. ते खोडायला सांगू नका. बाईंचं नुकसान माझ्या हातून झालंय, ते कसं भरून द्यायचं हे त्यांच्याशीच बोलेन. त्या मला हाकलून देतील किंवा चहा देतील. चहा दिला तर मला जास्त जड जाईल.

पण हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. मागितली तर तुम्ही लगेच द्याल, वाचून पूर्ण व्हायच्या आत. मला दुसरंच हवंय. सोबतच्या पाकिटात नवा ठसा आहे आणि एक कोरी चिठ्ठी आहे. शेवटचा आकडा आठ नाही, एवढंच तुम्हाला कळलंय, कोणता आहे ते मी पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. माझी चिठ्ठी तुमच्या खुर्चीवर पालथी ठेवलीय. नव्या डोळ्यांनी, खिडकीपाशी बसून, दादाला न विचारता वाचा आणि लिहून पाठवा. तुमची चिठ्ठी येईपर्यंत ही गाडी शेडमधून हलणार नाही, घड्याळवाल्यांनी कितीही घाई केली तरी. आणि चिमटीने घेतलाय म्हणून तसाच मान्य करू नका. ठसा थोडा पुसट आला आहे, पण या वेळी कुठेही गिरवलेला नाही.

तुमचीच,
चिमटी