छताला भोक

शुक्रवार, गारखेडा

गाडी आवडते म्हणजे नेमकं काय आवडतं? मला खरंच सांगता येत नाही.

दादा आणि त्याचे मित्र पिकअप, आवाज, सनरूफ याशिवाय बोलत नाहीत. घरातली पहिली गाडी छत उघडणारीच हवी, हा त्याचा हट्ट. बुकिंग माझ्या नावावर, कारण नोकरी माझी. आज शोरूममध्ये त्यानं वडिलांना, आबांना, आत बसवून बटण दाबलं. आबा वर बघत राहिले. "मेंढरामागं उन्हात जन्म गेला. आता छताला भोक पाडून ऊन आत घ्यायचं व्हय?"

"हौस असती ती, आबा," दादा म्हणाला. " तुम्हाला नाय कळायचं."

मग शेजारची साधी, छोटी गाडी मी चालवून बघितली. गिअर अलगद पडत होता. पाण्याच्या टँकरमागच्या धुळीत आबांनी काच वर केली आणि म्हणाले, "चाल चांगली हाय हिची." चाल. जनावर पारखताना म्हणतात तसं. मला हेच म्हणायचं होतं का?

घरी आल्यावर रात्री दादा म्हणाला, "सनरूफवालीच घ्यायची. गावी पिशोरला सगळ्यांना सांगून बसलोय मी." आणि न जेवता बाहेर गेला. त्याची हौस मोडायचा मला काय हक्क? पण आबांना त्या भोकाखाली बसवायचं?

सनरूफवालीचं बुकिंग मी सात वाजताच फोन करून रद्द केलं. दादाला अजून सांगितलेलं नाही.