सोवळ्याच्या सोऱ्यात सीलंट

अंबरपेठ, शुक्रवार, संध्याकाळ

आज घरात आलं ते: चकलीची भाजणी, दळणाचे साठ रुपये. तेल एक लिटर, एकशे साठ. आणि ह्यांच्या सीलंटच्या दोन नळ्या, त्यांची किंमत मी विचारली नाही आणि ह्यांनीही सांगितली नाही.

फटी बुजवायच्या सीलंटच्या नळ्यांना जी तोंडं असतात, नॉझल म्हणतात, ती हे कारखान्यात आखतात. सध्या दुखणं एकच, दाबणं थांबवलं तरी तोंडातून माल गळतच राहतो. ते दुखणं तिथंच ठेवावं ना? मी देवळातून आले तर हे ओट्याशी, आणि हातात माझा पितळी सोऱ्या! महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्याच्या चकल्यांचा, वर्षभर सोवळ्यात ठेवलेला. आत सीलंटचं पांढरं रबर.

"अहो, हे काय!"

"बघ तर, दांडा उलटा फिरवला की माल मागं ओढला जातो. थेंब गळत नाही!"

"आणि चकल्या?"

"धुऊन घे की. कायकू चिडतेस?"

रबर धुऊन निघतं होय? कधीची सुई घेऊन बसले आहे, चकतीतली चांदणी मोकळी होत नाही. आणि झाली तरी नैवेद्याला चालेल? नवा सोऱ्या घ्यायचा तर पुन्हा खर्च. पुन्हा चांदणीत सुई.

महालक्ष्म्यांनो, परवा तुम्ही येणार. ह्याच भाजणीची कडबोळी मी हातानं वळीन. फुलोऱ्याला ती चालतील का, तेवढं उलट टपाली कळवा. पीठ सकाळी भिजवायचं आहे.